‘डॉक्टरला सांगितलं की केस होते’ हे खोटं आहे

गोळीची सवय लागली, सुटत नाही, पण डॉक्टरला सांगायचं नाही. सांगितलं की पोलीस केस होते. बारामतीपासून इंदापूरपर्यंत हे वाक्य मी शिकलेल्यांच्याही तोंडून ऐकतो आणि दर वेळी चीड येते. कारण त्यावर विश्वास ठेवून माणसं वर्षानुवर्षं गप्प बसतात.

ही माणसं कोण? बहुतेकदा कंबरेच्या, गुडघ्याच्या दुखण्यावर किंवा ऑपरेशननंतर ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉलसारखी गोळी सुरू झालेली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. आता गोळी चुकली की जांभया येतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गर्द ओढणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तीच ही. शरीराला अफूच्या जातीच्या औषधाची सवय लागल्याची ही खूण आहे.

आता कायदा पाहू. अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985चा. रुग्ण नशा करतो एवढ्यावरून डॉक्टरने पोलिसांना कळवावं, अशी सक्ती त्यात कुठेही नाही. सेवन हा कलम 27 खाली गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेत असेल, तर त्या आरोपावर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच: उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. म्हणजे ज्या कायद्याची भीती घालतात, तोच उपचाराला येणाऱ्याला संरक्षण देतो.

डॉक्टरचं काय? 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपितं उघड करणं हे गैरवर्तन ठरतं. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढेच अपवाद. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही आजार मानतो आणि कलम 23 मध्ये गुप्ततेचा हक्क देतो.

मग ही भीती आली कुठून? बातम्यांतून, असं मला वाटतं. एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखाली आलं. 2023 मध्ये इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या बाजूला अफूची झाडं पकडली गेली, 2024 मध्ये शेजारच्या कुरकुंभला मेफेड्रोन सापडलं. या कारवाया लागवड करणाऱ्यांवर, बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर होत्या. दवाखान्यात जाऊन ‘मला ही गोळी सुटत नाही’ म्हणणाऱ्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. (आणि मेफेड्रोन अफूच्या जातीचं नाहीच, त्याचे उपचारही वेगळे.)

एक भीती मात्र मी उडवून लावणार नाही. तालुक्याच्या गावात कंपाउंडर ओळखीचा, बाकावर बसलेली बाई भावकीतली. म्हणून शेवटचा नंबर घ्या, ‘डॉक्टर, एकट्याशी बोलायचंय’ म्हणा. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहा: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, सोबत दारू किंवा झोपेची गोळी असते का, कधी फिट आली का. ट्रामाडॉल जास्त झालं की फिट येऊ शकते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

अशीच आणखी काही वाक्यं ऐकू येतात. ‘मेडिकलमध्ये मिळतं, त्याचं कसलं व्यसन?’ केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक निघाले. त्या पदार्थांत गर्दबरोबर औषधंही होती.

‘खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटतं.’ टर्की साधारण आठवड्यात ओसरते, ओढ ओसरत नाही. शिवाय मधल्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते. बाहेर आल्यावर जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस मरू शकतो. पोराला कोंडणाऱ्या आईबापांनी हे आधी ऐकावं.

‘ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणं.’ हे अफूवर्गीय व्यसनावरचं औषध आहे; जागतिक आरोग्य संघटनेने ते 2005 पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलं आहे. ठरलेल्या डोसवर माणूस झिंगत नाही, कामावर जातो.

‘फॅमिली डॉक्टरला यातलं काय कळणार?’ सगळं त्यांनी करायचं नसतंच. व्यसनमुक्तीसाठीचं ब्युप्रेनॉर्फिन मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळतं, चिठ्ठीवर मेडिकलमध्ये नाही. पण तुमची पाठ खरंच दुखते का, गोळी कशी कमी करायची, कुणाकडे पाठवायचं, हे ते ठरवू शकतात. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 पासून आहे; मानसोपचाराच्या सल्ल्यासाठी प्रत्येकाने पुणं गाठायची गरज नाही. दाखल व्हायचंच असेल तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरात कुणाच्या उशाखाली रिकाम्या पट्ट्या सापडल्या तर आरडाओरडा करू नका, गोळ्या फेकूनही देऊ नका. त्यातली एक पट्टी तशीच खिशात घाला आणि त्या माणसाला सोबत घेऊन संध्याकाळच्या ओपीडीला जा.