फाशांचे गुण आणि संगणक

‘याट्झी’ हा पाच फाशांचा खेळ अमेरिकेत १९५६ साली विक्रीस आला. त्यात तीन फासे एका अंकाचे व दोन दुसऱ्या अंकाचे पडल्यास २५ गुण मिळू शकतात. हे गुण संगणकाकडून मोजून घ्यावयाचे, तर आज्ञावली कशी रचावी?

पाच फासे ७,७७६ प्रकारे पडू शकतात. त्या सर्वांची यादी करणे व्यर्थ होय. त्याऐवजी सहा घरे मांडावीत आणि १ ते ६ यांपैकी कोणता अंक किती वेळा आला, एवढेच त्यांत लिहावे. क्रम असा गाळला की २५२ प्रकारच उरतात. ४, २, ४, २, ४ असे दान पडले, तर चारच्या घरात ३ व दोनच्या घरात २ येतात. एका घरात ३ व दुसऱ्या घरात २ दिसले की २५ गुण द्यावेत, अशी आज्ञा लिहावी.

परंतु पाचही चौके पडले, तर? त्यांतही तीन आणि दोन आहेतच, असे कोणी म्हणेल. माणसे येथे वाद घालतील. संगणक मात्र लिहिले असेल तेवढेच पाळील. चारच्या घरात ५ आलेले असून कोणत्याही घरात ३ किंवा २ नसल्यामुळे तो हे गुण नाकारील.

विद्यार्थी मित्रहो, नियमातील संदिग्धता खेळापूर्वीच दूर करावी, हा धडा फाशांपुरताच नाही.