हाकेच्या अंतरावर

भाच्याने ब्रोशर माझ्या पुढ्यात टाकलं. "मामा, तू लिहिण्या-वाचण्यातला माणूस. यात खरं किती ते सांग."

भाचा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातो, बोईसरला भाड्याने राहतो. लग्न ठरलंय, म्हणजे आता घर हवं. ब्रोशर जाड, गुळगुळीत, उघडल्यावर लग्नपत्रिकेसारखा वास येणारं. पहिल्या पानावर बाल्कनी. बाल्कनीत नवरा-बायको आणि हातात कप. बाल्कनीखाली हिरवळ, हिरवळीपलीकडे पुन्हा हिरवळ, आणि वर असं निळं आभाळ की ते बोईसरच्या पश्चिमेला मी तरी पाहिलेलं नाही. खाली ठळक अक्षरांत: 'बोईसर स्टेशन हाकेच्या अंतरावर'.

मी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. शेवटच्या पानाच्या तळाशी तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की चित्रं ही कलाकाराची कल्पना आहे. म्हणजे आभाळ कल्पनेतलं, हिरवळ कल्पनेतली, कपातला चहासुद्धा. खरं काय, तर मोबाईल नंबर.

पालघरहून बोईसरला रस्त्याने जाताना, कोळगावचं नवं जिल्हा मुख्यालय मागे पडलं की हे आभाळ दर थोड्या अंतरावर भेटतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला, आणि जाहिरातदारांच्या हाती एक नवा शब्द आला: 'जिल्ह्याचं ठिकाण'. त्याआधीचं भांडवल होतं डहाणू लोकल. २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि वैतरणा, सफाळे, केळवे रोड, उमरोळी, वाणगाव ही नावं एकदम 'मुंबईच्या जवळ' आली. चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. रूळ काही आखडले नाहीत. आखडलं ते अंतर मोजायचं माप. जाहिरात किलोमीटर सांगत नाही, मिनिटं सांगते. कसली मिनिटं, हे मात्र गुलदस्त्यात. लोकलची, रात्री अकरानंतरच्या रिक्षाची, की पहाटे तीन वाजता मोकळ्या हायवेवर सुटलेल्या गाडीची? आणि 'मुंबईपासून' म्हणजे कुठून? जाहिरातीतली मुंबई कधी दहिसर नाक्याला सुरू होते, कधी विरारलाच.

'हाकेच्या अंतरावर' हा तर खास आपला वाक्प्रचार. पाड्यांच्या मुलखात तो खरोखर माप होता. एका टेपाडावरून साद घातली की दुसऱ्या टेपाडावरून 'ओ' यायचा, तेवढं अंतर. ते माप कोणी तपासत नसे, कारण खोटं बोलून फायदा कोणाचाच नव्हता. जाहिरातीने शब्द उचलला, त्यातला भरवसाही उचलला, माप तेवढं टाकून दिलं. सगळ्या जाहिरातीच्या भाषेची ही मूळ खोड आहे. ती नवे शब्द क्वचितच घडवते; आपल्या तोंडातले, आजी-आजोबांनी वापरून मऊ केलेले शब्द घेते.

'आपलं' हा त्यातला सगळ्यात धूर्त शब्द. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. ही सोय हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीतही नाही. म्हणून 'आमचा प्रकल्प' असं होर्डिंगवर दिसत नाही. दिसतं 'आपलं घर'. पैसे तुमचे, कर्ज तुमचं, जमीन त्यांची, आणि घर 'आपलं'. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही हाच शब्द राबतो: 'आपला माणूस', 'आपला दादा', आणि खाली पासपोर्ट फोटोंची रांग. उलट 'आपल्या सपनांचं घर' लिहिलेलं दिसलं की ओळखावं, मजकूर हिंदीत झाला आणि मराठी झालं छपाईच्या आदल्या रात्री. मराठी माणसाला सपनं पडत नाहीत, स्वप्नं पडतात.

तरी या भागात एकच जाहिरात तीन-चार भाषांत वाचायला मिळते, आणि ती मजा सोडू नये. इंग्रजी होर्डिंग मुंबईकराला सांगतं की वीकएंडला समुद्र आणि चिकूच्या वाड्या आहेत, गुंतवणूक करा. हिंदी मजकूर कारखान्यातल्या कामगाराला हप्ता किती ते सांगतो. डहाणूकडे सरकलं की गुजरातीत दुकानाचे गाळे येतात. आणि मराठीत? मराठीत येते भावना: आईबाबा, तुळस, दारात रांगोळी. जागा तीच, भिंती त्याच. कोणाला कशाची भूक आहे, याचा जाहिरातवाल्याने बांधलेला हा अंदाज आहे. मराठी माणसाला भाव सांगितला तर तो घासाघीस करेल, तुळस दाखवली तर करणार नाही, असं त्यांना वाटत असावं. पूर्ण चूक आहे, असंही म्हणवत नाही.

भाव मात्र एकदा बोईसरच्या जाहिरातीने असा काही सांगितला होता की देशभर चर्चा झाली. मे २००९ मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरला 'शुभ गृह' जाहीर केलं. घरं सुमारे ३ लाख ९० हजारांपासून ६ लाख ७० हजारांपर्यंत, सर्वांत लहान घर २८३ चौरस फुटांचं. त्याच वर्षी नॅनो गाडी बाजारात येत होती, त्यामुळे वर्तमानपत्रांनी याला 'नॅनो घर' करून टाकलं. अर्ज इतके आले की सोडत काढून वाटप करावं लागलं. त्या आकड्याकडे नीट पाहा. चार लाख नाही, ३ लाख ९०. आकडा वाचताना डोळा पहिल्या अंकावर थबकतो, मन 'तीन लाखांत घर' म्हणून मोकळं होतं, आणि उरलेले नव्वद हजार शेपटासारखे मागून येतात. बाटाच्या दुकानातल्या ९५ पैशांनी आपल्या आधीच्या पिढ्यांना हाच धडा दिला होता. एवढं लहान घर मुंबईच्या इतक्या जवळ इतक्या कमी पैशांत मिळू शकतं, ही बातमीच तेव्हा मोठी होती. जाहिरातीला वेगळं काही ओरडावं लागलं नाही.

आता ओरडावं लागतं, आणि ओरडायला नवे शब्दही मिळालेत. बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातल्या चार स्थानकांपैकी एक बोईसर. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली, प्रकल्पाचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी. लगोलग बंदर आणि बुलेट ट्रेन ब्रोशरच्या नकाशावर जाऊन बसली, शाळा-दवाखान्याच्या शेजारी, एकाच आकाराच्या चिन्हांनी. जे अजून बांधलं जातंय ते आणि जे उभं आहे ते, दोन्ही एकाच शाईत. वाढवणचं हेच नाव किनाऱ्यावर वेगळं वाचायला मिळतं. बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांची घोषणा आहे 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. जाहिरातीच्या नजरेतून पाहिलं तर ही घोषणा कोणत्याही होर्डिंगपेक्षा सरस आहे. पाच शब्द, एक यमक, आणि 'जिद्द'-'रद्द'मधलं ते जोडाक्षर मुठीसारखं आदळतं. यमकाची गंमत अशी की एकदा ऐकलं की विसरता येत नाही. तिथे विकायला काही नाही, म्हणून तिला कोणी जाहिरात म्हणत नाही, एवढाच फरक.

चित्रांकडे वळतो. होर्डिंगच्या कोपऱ्यात हल्ली हमखास वारली आकृत्या असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं, काडीचे हातपाय. गेटवर, क्लब हाऊसच्या भिंतीवर, कधी लिफ्टच्या दारावर. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थने १९६४ मध्ये पांझानी कंपनीच्या पास्त्याच्या एका जाहिरातीवर लिहिलं होतं. जाळीदार पिशवीतून सांडलेले टोमॅटो, ढोबळ्या मिरच्या, पास्त्याची पाकिटं. तो म्हणाला, हे चित्र भाजी विकत नाही, 'इटलीपण' विकतं. आणि ते इटलीपण फ्रेंच माणसालाच दिसतं, इटालियनाला नाही. शिवाय चित्राचे अर्थ अनेक निघतात, म्हणून शेजारचे शब्द त्याला खुंटीला बांधून ठेवतात. आमच्याकडे वारली आकृतीचं तसंच झालंय. ती पालघरपण विकते, पालघरमध्ये कधी न राहिलेल्याला. जवळ 'निसर्गाच्या सान्निध्यात' लिहिलं की अर्थाची खुंटी पक्की.

खरं वारली चित्र लग्नघरात निघायचं. शेण आणि गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, टोक चावून कुंचला केलेली बांबूची काडी. सवाष्णी लग्नाचा चौक काढत, चौकात पालघट देवी. त्यात झाड असे, साप असे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाने वारली शैलीतली चित्रं घेऊन 'कम होम ऑन दीपावली' ही मोहीम केली होती. घरापासून लांब असलेल्या तरुणांना घराकडे बोलवायला घराची आठवण करून देणारं चित्र, आणि शेजारी शीतपेय. कल्पना म्हणून चोख. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. पण ते नावाला राखतं, आणि होर्डिंगवर आकृत्या काढणारा 'वारली' हे नाव लिहितोच कुठे?

एका होर्डिंगपाशी मी मुद्दाम थांबलो होतो. तारप्याचा नाच होता, सुंदर गोल. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून. पण मध्ये तारपा वाजवणारा नव्हता. त्याच्या जागी बिल्डरचं बोधचिन्ह. तारप्याच्या नाचात नाचणारे वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत. इथेही कोणी पाठ केलेली नव्हती.

चित्रात काय आहे याइतकंच काय नाही हे महत्त्वाचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं, त्यात प्रदूषणात तारापूर पहिलं आलं, ९३.६९ गुणांनी. चिमणी मात्र एकाही ब्रोशरमध्ये नसते. अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून इथे आहे, तेही नकाशावर बहुधा नसतं. आणि ज्या कारखान्यांमुळे ही घरं घेणारा माणूस इथे आला, तेच चित्रातून पुसलेले.

लोकलच्या डब्यात वेगळीच दुनिया. दारावरच्या खांबाला चिकटवलेले हाताएवढे स्टिकर: प्रेमविवाह, सौतन से छुटकारा, मूठकरणी, घरबसल्या कमाई, '१०१% गॅरंटी'. शंभर टक्क्यांना आपल्याकडे किंमत नाही. आहेराच्या पाकिटावर १०१ लिहिणारा आपला समाज. तो एक रुपया म्हणजे शुभ, पूर्णतेच्याही पुढचं. त्या एका टक्क्यात स्टिकरवाल्याचं सगळं मानसशास्त्र आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय जाहिरातींचा कायदा ताईत, मंत्र, कवच यांच्या जोरावर आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो, आणि २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही आहे. स्टिकर टिकून आहेत. विश्वास ठेवून वाचणारे थोडेच. पण रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली की ती बरी वाटू लागते, त्यासाठी वेगळं कारण लागत नाही. पालघर ते चर्चगेट रोज तेच स्टिकर पाहणाऱ्याला अडचणीच्या रात्री डॉक्टर आठवतो की ते नाव, सांगता येत नाही.

घरांच्या बाबतीत कायदा जरा जास्त दात असलेला आहे. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा लागू झाला. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ हवंच. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. पालघर जिल्ह्याचे जुने क्रमांक पी ९९००० ने सुरू होतात. जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. 'कलाकाराची कल्पना' हे तिळाएवढं वाक्य अशा वेळी उपयोगी पडावं म्हणूनच छापलेलं असतं.

आता मी जाहिरातींवर एवढं तोंडसुख घेतोय, तर हेही सांगायला हवं की दिवाळी अंक जाहिरातींवरच जगतात. तुमच्या हातातला हा अंकही. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्यातल्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि मराठी घरांनी ते आवडीने वाचलं. तिथे नांगर विकायचा होता, आणि नांगर शेतात गेला की दोन दिवसांत खरा-खोटा कळत असे. घराचं कळायला वीस वर्षांचे हप्ते जातात.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. क्यूआर कोड स्कॅन कर म्हटलं, कार्पेट एरिया बघ म्हटलं. "हं" म्हणत राहिला. आठवडाभराने रात्री साडेअकराला त्याचा फोन. दुसऱ्या शिफ्टवरून सुटून साहेब प्रकल्पाच्या गेटवर उभे होते.

"चालत आलो मामा स्टेशनपासून. सव्वीस मिनिटं."

"मग?"

"गेटवरून हाक मारली मोठ्याने."

"आणि?"

"वॉचमन उठला."