मातेच्या गर्भावस्थेतील दाखला

रेशीमकिड्याच्या मादीने कागदावर घातलेली अंडी दोन-तीन दिवसांनी निरखून पाहावीत: काही फिकट पिवळीच राहून दहा-बारा दिवसांत फुटतात, तर काही करड्या-जांभळ्या रंगाची होऊन, आतील गर्भाची वाढ तहकूब ठेवून, हिवाळा सरेपर्यंत निद्रिस्त राहतात. वर्षातून दोन पिढ्या देणाऱ्या वाणांत हा निर्णय अंड्याचा नसतोच. तो त्याच्या मातेने, ती स्वतः गर्भरूपाने अंड्यात असताना अनुभवलेल्या ऋतुमानावर ठरतो, आणि याहून विस्मयकारक वारसा मला ठाऊक नाही. २५ अंश उष्म्यात व उजेडात उबवलेली मादी पुढे निद्रिस्त अंडी घालते. १५ अंशांत, अंधारात उबवलेली मादी लगेच फुटणारी.

हा हुकूम कोणत्या दप्तरात नोंदला जातो, याचा शोध घेणे रेशीमकिड्याचा जनुकसंच वाचल्याने सुकर झाले. जपानी व चिनी शास्त्रज्ञांनी २००४ साली त्याचे स्वतंत्र मसुदे प्रसिद्ध केले आणि २००८ मध्ये दोन्ही एकत्र जुळवून २८ गुणसूत्रांवरील सुमारे ४३ कोटी अक्षरांचा मजकूर सिद्ध केला. पुढे २०१४ मध्ये, सुमारे २१ अंशांवर जागे होणारे एक उष्मासंवेदी प्रथिन गर्भात आढळले, व त्याचे जनुक दाबले असता पुढच्या पिढीची निद्रा ढळली. मादी कोषात असताना तिच्या अन्ननलिकेखालील चेतागुच्छातून २४ अमिनो आम्लांचे संप्रेरक निद्रेचा हुकूम घेऊन अंडाशयाकडे जाते. निद्रिस्त अंड्यातील ग्लायकोजेनचे मग सॉर्बिटॉल व ग्लिसरॉल होते, आणि थंडी भोगून झाल्यावर पुन्हा ग्लायकोजेन.