ड्रॅग रेसच्या ऑटोमॅटिक कारला टॉर्क कन्व्हर्टर कोणता हवा?

अमेरिकेतली पारंपरिक ड्रॅग रेस पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची. ऑटोमॅटिक कारमध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद त्यातल्या तेलामार्फत गिअरबॉक्सला मिळते.

गाडी जागेवर रोखून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडतं, तो त्याचा ‘स्टॉल स्पीड’. तो इंजिनाच्या सर्वाधिक टॉर्कच्या आरपीएमजवळ हवा. फार कमी असला तर गाडी सुटतानाच मंदावते. ‘जितका जास्त तितका चांगला’ हा समज मात्र महागात पडतो: कन्व्हर्टर शेवटपर्यंत घसरत राहतो, तेल तापतं, इंजिन नुसतंच ओरडतं.

खोक्यावरचा आकडाही पक्का नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनाला लावला, की स्टॉल वाढतो. म्हणूनच जाणकार कारागीर आधी गाडीचं वजन, कॅमशाफ्ट आणि अ‍ॅक्सलचा गिअर रेशो विचारतो.