खाणीवरचा गोल्फ कोर्स

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, हिंडाल्कोची बॉक्साइटची खाण आहे. इथलं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यासाठी काढलं गेलं. माल संपल्यावर अशा जमिनीचं करायचं काय, याचं सर्वांत अनपेक्षित उत्तर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सापडतं. तिथे गोल्फ कोर्स केला आहे, आणि तोही पैसे भरून कुणालाही खेळता येईल असा.

गावाचं नाव ॲनाकोंडा. शेजारच्या ब्यूटच्या खाणींतलं तांबं 1884 पासून इथे वितळवलं जायचं. भट्ट्यांच्या धुरातून आणि कचऱ्यातून आर्सेनिक आणि जड धातू मातीत उतरले. पुढे बांधलेल्या भट्टीचं 585 फुटी धुराडं आजही उभं आहे. भट्टी 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 मध्ये हा परिसर केंद्र सरकारच्या ‘सुपरफंड’ यादीत गेला. विषारी जमिनी साफ करून घेण्यासाठीची ही यादी. एवढी माती उचलून न्यायची तरी कुठे? मग जुन्या भट्ट्यांच्या जागी ती झाकून टाकायचं ठरलं. प्रसिद्ध गोल्फपटू जॅक निकलसने आखलेला ‘ओल्ड वर्क्स’ कोर्स 1997 मध्ये सुरू झाला.

झाकण घालायचं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. आधी उंचवटे आणि खड्डे यंत्राने सारखे करून जमिनीला उतार देतात. वर चुनखडी पसरतात. आम्लता कमी झाली की धातू पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यावर चिकणमाती येते, मग सुपीक माती आणि शेवटी हिरवळ. हिरवळीला रोज पाणी लागतं आणि तेच पाणी खालच्या विषापर्यंत झिरपलं, तर सगळी मेहनत वाया. कोर्समधून वॉर्म स्प्रिंग्ज नावाचा ओढा वाहतो, त्यात ते उतरेल. म्हणून निचऱ्याची व्यवस्था हिरवळ लावण्याआधीच करावी लागते. थोडक्यात, इथलं सगळं तंत्र पाणी खाली जाऊ न देण्याचं आहे.

खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. तो आधी वेळ ठरवून ग्रीन फी भरतो आणि टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, पहिला फटका मारतो. पुढे फेअरवे, म्हणजे बारीक कापलेल्या गवताचा पट्टा. त्याच्या कडेला वाढलेल्या गवताचा रफ. आणि शेवटी ग्रीनवर, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, सव्वाचार इंच व्यासाचं भोक. अठरा भोकं पूर्ण करायला चार-पाच तास जातात. पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवायला नियमाने बंदी आहे. ओल्ड वर्क्सचं वेगळेपण बंकरमध्ये, म्हणजे अडथळ्यासाठी केलेल्या वाळूच्या खड्ड्यांत, दिसतं. तिथे पांढऱ्या वाळूऐवजी काळा स्लॅग आहे. तांबं वितळवताना उरलेला, काचेसारखा कणीदार कचरा! त्यात पडलेला पांढरा चेंडू लांबूनही नजरेत भरतो. जुन्या भट्ट्यांचे दगडी अवशेषही मुद्दाम राखले आहेत. मला हे फार आवडतं. गावाने आपला इतिहास पुरला नाही, खेळात घेतला.

आता आपल्या सड्याकडे या. इथे आर्सेनिकचा प्रश्न नाही. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तेच हे बॉक्साइट. खाणीच्या उभ्या कापात थर ओळीने दिसतात: वर चार बोटं माती, मग जांभा, त्यात बॉक्साइट, खाली मऊ चिकणमाती. सच्छिद्र जांभ्यातून पावसाचं पाणी मुरतं, चिकणमातीवर अडतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्याने बाहेर येतं. सड्याखालच्या वाड्यांना उन्हाळ्यात हाच आधार. माल काढला की पाणी धरणारा थरच जातो. त्यामुळे खड्डा भरताना दगड-मुरूम खाली आणि बाजूला राखून ठेवलेली माती वर, असाच क्रम हवा. देशाच्या खाण नियमांनुसार वरची माती वेगळी साठवावी लागते, ती याचसाठी.

म्हणजे ॲनाकोंडाला पाणी अडवायचं होतं, आपल्याला मुरवायचं आहे. तिथला नकाशा उचलून इथे ठेवता येणार नाही. त्यात पश्चिम कड्यावर पावसाळ्याचे चार महिने धो-धो पाऊस आणि धुकं. दोनशे पावलांवरचा भोकातला झेंडा दिसायचा नाही. उरलेल्या आठ महिन्यांत हिरवळ जगवायला पाणी आणायचं ते खालच्या वाडीतूनच.

गोल्फला माझा विरोध नाही. हौस असेल त्याने खारघरला सिडकोच्या कोर्सवर जावं, तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. कोल्हापूरजवळच्या एखाद्या बंद दगडखाणीत, शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी वापरून नऊ भोकांचा कोर्स कुणी काढला, तर त्याचंही स्वागत करावं. सड्यावर मात्र गवत वाढवायचंच असेल, तर ते गुरांसाठी वाढवावं.