मरणाच्या वाटेवरची पेशी

शवविच्छेदनात काढलेल्या हृदयाचे आडवे काप करून ते टेट्राझोलियम नावाच्या क्षाराच्या कोमट द्रावणात ठेवतात. थोड्याच वेळात काप रंगू लागतात. ज्या स्नायुपेशी शेवटपर्यंत शाबूत होत्या, त्यांच्यातली एन्झाइम्स अजून टिकून असतात आणि तो भाग विटकरी लाल होतो. जो भाग काही तास आधीच मेला होता, त्यातली एन्झाइम्स पाझरून गेलेली असतात. तो फिकटच राहतो. डाव्या कप्प्याच्या पुढच्या भिंतीत असा फिकट पट्टा दिसला, की तिथे रक्त पोचवणारी धमनी बंद झाली होती हे कळते. माणसाच्या मृत्यूची एकच वेळ दाखल्यावर लिहितात. पण त्या पट्ट्यातल्या पेशी एकाच वेळी मेलेल्या नसतात आणि हार्ट अटॅकवरचे सगळे उपचार या एका गोष्टीवर उभे आहेत.

रोगाचे मूळ पेशीत शोधायचे, हा विचार रुडॉल्फ फिर्चो यांनी १८५८ साली बर्लिनमधल्या व्याख्यानांतून ठामपणे मांडला. पुढची शंभर वर्षे पॅथॉलॉजिस्टांनी मेलेल्या पेशींची बारकाईने वर्णने केली. अडचण अशी, की पेशी मेल्याच्या खुणा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला चार ते बारा तास लागतात. ती नेमकी कधी मेली, कुठपर्यंत वाचवता आली असती, हे त्या काचपट्टीवरून सांगता येत नव्हते.

हे कोडे सोडवायला घेतले रॉबर्ट जेनिंग्स यांनी, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. त्यांची रीत सरळ होती: कुत्र्याच्या हृदयाची एक धमनी ठरावीक मिनिटे बांधायची, मग सोडून रक्त पुन्हा वाहू द्यायचे आणि काही दिवसांनी स्नायू तपासायचा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले, की रक्त वीस मिनिटांच्या आत परतले तर जवळपास सगळा स्नायू सावरतो. त्याहून उशीर झाला, की रक्त परतूनही काही पेशी मरतातच, आणि जितका उशीर तितक्या जास्त. इजा आणि मृत्यू यांच्यामध्ये एक सीमा आहे आणि ती मिनिटांत मोजता येते, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

ती मिनिटे पेशीच्या आत जाऊन पाहण्यासारखी आहेत. हृदयाच्या स्नायुपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकाँड्रियांनी व्यापलेला असतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके द्यायचे तर ऊर्जा, म्हणजे एटीपी, अखंड तयार व्हावे लागते. साठा फारसा नसतोच. रक्त थांबले की काही सेकंदांत ऑक्सिजन संपतो. दोन मिनिटांच्या आत पेशी आकुंचन पावणे थांबवते. ती मेलेली नसते. उरलीसुरली ऊर्जा ती जगण्यासाठी राखून ठेवत असते. ऑक्सिजनवाचून साखर मोडून थोडे एटीपी मिळते, पण त्याची किंमत म्हणून आतली आम्लता वाढते. दहा मिनिटांत एटीपी निम्म्यावर येते आणि चाळीस मिनिटांत दहाव्या हिश्श्यावर.

झिरपत्या होडीतून पाणी उपसत राहावे, तसा पेशीच्या पटलातला पंप आत शिरणारे सोडियम रात्रंदिवस बाहेर टाकत असतो. एटीपी घटले की हा उपसा थांबतो. सोडियम साचते, त्यामागून पाणी येते, पेशी फुगते. मायटोकाँड्रिया फुगतात, पटलावर फोड येतात. इथवरचे सगळे मागे फिरू शकते. पण सोडियमच्या पाठोपाठ कॅल्शियम आत येऊ लागते. निरोगी पेशीत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. ते वाढले की पेशीची स्वतःचीच एन्झाइम्स तिची प्रथिने आणि पटले कुरतडू लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायटोकाँड्रियांत दाट, बेढब गोळे दिसले आणि बाहेरच्या पटलाला भेगा पडलेल्या दिसल्या, की परतीचा रस्ता बंद झाला.

त्या भेगांतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात येते. दवाखान्यात 'ट्रोपोनिन पॉझिटिव्ह' म्हणतात ते हेच. रक्तात ते वाढलेले दिसायला साधारण तीन तास जातात. म्हणूनच ईसीजीवर धमनी पूर्ण बंद झाल्याची खूण स्पष्ट असेल, तर या रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते. जे व्हायला नको, ते झाल्याचीच खबर तो देतो.

जेनिंग्स पुढे ड्यूक विद्यापीठात गेले. तिथे कीथ रायमर आणि इतर सहकाऱ्यांसह १९७७ साली त्यांनी दाखवले, की मृत्यू हृदयाच्या भिंतीत लाटेसारखा पसरतो. सुरुवात आतल्या थरात होते, कारण तिथे ताण सर्वांत जास्त आणि रक्त सर्वांत कमी. मग तो बाहेरच्या थराकडे सरकतो. धमनी चाळीस मिनिटे बंद ठेवली तेव्हा धोक्यातल्या स्नायूपैकी ३८ टक्के मेला, तीन तासांनी ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के. माणसाच्या हृदयात आडवाटांनी थोडे रक्त पोचत असेल तर ही लाट मंदावते, पण दिशा तीच राहते.

पेशीच्या मरणाचा आणखी एक प्रकार आहे. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टेअर करी यांनी १९७२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले: अपोप्टोसिस. यात पेशी फुटत नाही. ती आक्रसते, तिची बंद पुडकी होतात आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत तयार होणाऱ्या १,०९० पेशींपैकी ठरलेल्या १३१ पेशी अशाच मरतात. या शिस्तीच्या मरणालाही ऊर्जा लागते. रक्त तुटलेल्या हृदयात ती नसते, म्हणून तिथे बहुतेक पेशी फुटूनच मरतात, आणि आतला ऐवज बाहेर पडला की दाह सुरू होतो. पांढऱ्या पेशी मेलेला स्नायू खाऊन साफ करतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास जुना स्नायू गेलेला असतो आणि नवा व्रण भरलेला नसतो. भिंत सर्वांत मऊ होते ती तेव्हा, आणि क्वचित फुटतेही. 'आता बरं वाटतंय' म्हणून चौथ्या दिवशी घरी जायचा हट्ट धरणाऱ्या रुग्णाला डॉक्टर का थांबवतात, याचे एक कारण हे.

मेलेल्या जागी नवा स्नायू येत नाही, व्रण येतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ हृदयाच्या पेशींच्या डीएनएत मोजला आणि २००९ साली उत्तर दिले: पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याहून कमी. एवढ्या गतीने मोठी हानी भरून निघणे शक्य नाही.

मग रक्त सुरू केले की काम संपले का? नाही. रक्त परतते त्याच क्षणी तग धरून राहिलेल्या पेशींवर कॅल्शियमचा आणि ऑक्सिजनच्या विषारी रूपांचा मारा होतो, मायटोकाँड्रियांची दारे सताड उघडतात आणि आणखी काही पेशी दगावतात. हे थांबवण्यासाठी सायक्लोस्पोरिन या औषधाची मोठी आशा होती. २००८ मध्ये ५८ रुग्णांवरचा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवर काहीच फायदा दिसला नाही. इतर औषधांचीही कहाणी फारशी वेगळी नाही. तेव्हा आज आपल्या हातात उरते ती वेळच.

तिचे मोल इटलीतल्या १९८६ च्या अभ्यासात दिसले. अकरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना धमनी बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दिले. त्रास सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना ते मिळाले, त्यांच्यातले मृत्यू जवळपास निम्मे झाले. सहा तासांनंतर ठळक फायदा उरला नाही. आणि भारतातल्या ५० शहरांमधल्या सुमारे २१ हजार रुग्णांची २००८ साली प्रसिद्ध झालेली नोंद सांगते, की त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे होता. पोचल्यावर गुठळीचे इंजेक्शन मिळायला लागत होती ५० मिनिटे. उशीर मुख्यतः रुग्णालयाच्या दाराबाहेर होतो.

घरोघरी हे सहा तास कुठे जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. 'पित्त झालंय', 'गॅस अडकलाय' म्हणत ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, सकाळ होऊ दे म्हणून रात्र काढली जाते. मधुमेह्यांत तर छातीत दुखतही नाही कधीकधी. नुसता घाम, धाप, अस्वस्थपणा. त्यानंतर घाट उतरून जिल्ह्याचे मोठे हॉस्पिटल. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण तिने रुग्णाला कुठे न्यायचे, हा प्रश्न उरतोच. माझे मत स्पष्ट आहे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ईसीजी चोवीस तास निघाला पाहिजे आणि गुठळीचे औषध कपाटात असले पाहिजे. स्ट्रेप्टोकायनेज साधारण तासभर सलाइनमधून द्यावे लागायचे. टेनेक्टेप्लेज वजन पाहून एकाच सुईत, काही सेकंदांत देता येते. मात्र ते देण्याआधी रुग्णाला अलीकडे पक्षाघात किंवा मोठा रक्तस्राव झाला होता का, हे विचारून घ्यावे लागते. ईसीजीचा फोटो शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला फोनवर मिनिटभरात पोचतो. अँजिओग्राफीसाठी रुग्णाला त्यानंतर जिल्ह्याला हलवता येईल. पहिली सुई तालुक्यातच लागायला हवी.