कॅशबॅक वेळेत आला नाही? शॉपिंग ॲपकडून तो कसा मिळवायचा, स्टेप बाय स्टेप

सेल लागला की ऑफर्सचा नुसता पाऊस पडतो. 'या फोनवर १,००० रुपये कॅशबॅक', 'या कार्डवर १० टक्के परत', 'पुढच्या खरेदीसाठी ५०० रुपये बॅलन्स'. आपण किंमत बघतो, मनातल्या मनात कॅशबॅक वजा करतो आणि ऑर्डर टाकून मोकळे होतो. वस्तू दोन दिवसांत घरी येते. कॅशबॅक मात्र महिना उलटला तरी येत नाही.

मग कस्टमर केअरच्या चॅटवर एकच उत्तर मिळत राहतं: 'सर, कृपया ४८ तास थांबा.' दोन-तीनदा असं झालं की बरेच जण कंटाळून नाद सोडतात. पण कॅशबॅक म्हणजे कंपनीने खुशीने दिलेलं बक्षीस नाही. तो बघूनच तर आपण ती वस्तू तिथून घेतलेली असते. तो लेखी शब्द आहे आणि लेखी शब्द मागायचा तर लेखीच मागावा लागतो. कसा, ते या लेखात बघूया.

आधी बघा, पैसे देणार कोण?

'कॅशबॅक' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. चुकीच्या दारात कितीही वेळ उभं राहिलात तरी उपयोग नाही, म्हणून आधी हे ओळखा.

१. लगेच मिळणारी सूट: पैसे भरतानाच रक्कम कमी होते आणि बिलावरही कमी दिसते. यात नंतर काही यायचं नसतं.

२. शॉपिंग ॲपचा कॅशबॅक: ॲपच्या वॉलेटमध्ये, गिफ्ट कार्ड बॅलन्समध्ये किंवा कॉइन्सच्या रूपात येतो. हा देण्याची जबाबदारी ॲप चालवणाऱ्या कंपनीची. बहुतेक वेळा तो फक्त त्याच ॲपवर खर्च करता येतो आणि त्याला एक्सपायरी असते.

३. बँकेचा कॅशबॅक: 'अमुक बँकेच्या कार्डवर १० टक्के' अशी ऑफर. पैसे कार्डच्या स्टेटमेंटमध्ये किंवा खात्यात जमा होतात. काही ऑफरमध्ये यासाठी ९० दिवसांपर्यंतची मुदत लिहिलेली असते. इथे आधी ऑफरच्या अटींत 'कॅशबॅक कोण जमा करणार' ते वाचा. बँक असेल तर तक्रार बँकेकडे.

४. कॅशबॅक साइटचा पैसा: तुम्ही त्यांच्या लिंकवरून खरेदी करता, दुकानदार त्यांना कमिशन देतो आणि त्यातला वाटा ते तुम्हाला देतात. इथे सगळा खेळ ट्रॅकिंगचा. लिंक उघडल्यावर मध्येच दुसऱ्या कूपन साइटवर गेलात किंवा ब्राउझरमध्ये ॲड ब्लॉकर चालू असेल, तर खरेदीची नोंदच होत नाही. तक्रार त्या कॅशबॅक साइटकडे करायची.

पुढचं सगळं मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

उशीर झाला, हे कधी म्हणायचं?

कॅशबॅकची तारीख ऑर्डरच्या दिवसापासून मोजायची नसते. जवळपास प्रत्येक कंपनी रिटर्नची मुदत संपायची वाट बघते, कारण कॅशबॅक आधी दिला आणि ग्राहकाने वस्तू परत केली तर त्यांची पंचाईत. म्हणून अटींमध्ये असं काहीतरी असतं: 'रिटर्नची मुदत संपल्यावर १५ दिवसांत जमा होईल.'

हिशोब असा: डिलिव्हरीची तारीख, अधिक रिटर्नचे दिवस, अधिक अटींमध्ये लिहिलेले दिवस. ही तारीख काढा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा. त्या आधी भांडण्यात अर्थ नाही आणि त्यानंतर गप्प बसण्यात अर्थ नाही.

सोबत या अटीही तपासा:

- ऑफर फक्त प्रीपेड ऑर्डरवर होती का? कॅश ऑन डिलिव्हरीला चालत होती का?
- ईएमआयवर घेतल्यास चालणार होती का?
- कमीत कमी किती रुपयांची खरेदी हवी होती, आणि ती कूपन लावण्याआधीची की नंतरची?
- एका अकाउंटला किंवा एका कार्डला एकदाच, अशी मर्यादा होती का?
- ऑर्डरमधली एखादी वस्तू परत केली का? केली असेल तर कॅशबॅक कमी होतो किंवा रद्दही होतो.

पुरावा सेल चालू असतानाच जमवा

सेल संपला की ऑफरचं पेज गायब होतं. मग 'असं लिहिलं होतं' हे तुम्ही सांगणार आणि 'आम्हाला दिसत नाही' हे ते सांगणार. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी ऑफरचा स्क्रीनशॉट घ्या. 'नियम व अटी' लांबलचक असतील तर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून वरपासून खालपर्यंत स्क्रोल करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ऑर्डर कन्फर्म झाल्याचा ईमेल, बिलाची पीडीएफ आणि पेमेंटचा व्यवहार क्रमांक एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

माझ्या बाबतीत काय झालं

दसऱ्याच्या सेलमध्ये मी एका मोठ्या शॉपिंग ॲपवरून १८,४९९ रुपयांचा फोन घेतला. त्यावर १,००० रुपये ॲपच्या वॉलेटमध्ये मिळणार होते. तोच फोन दुसऱ्या ॲपवर १७,९९९ ला होता. म्हणजे कॅशबॅक धरला तर माझे ५०० वाचणार होते आणि तो आला नाही तर उलट ५०० जास्त जाणार होते.

फोन ४ ऑक्टोबरला आला. रिटर्नची मुदत ७ दिवस, त्यानंतर १५ दिवस, म्हणजे २६ ऑक्टोबर. २७ तारखेला मी चॅट उघडला. आधी बॉट, मग माणूस. उत्तर: '४८ तास थांबा.' २९ ला पुन्हा तेच. ३१ ला नवीनच उत्तर आलं: 'तुम्ही यूपीआयने पैसे भरले, त्यामुळे तुम्ही ऑफरसाठी पात्र नाही.' आणि तक्रार 'सोडवली' असा शिक्का मारून बंद!

माझ्याकडच्या स्क्रीनशॉटमध्ये अट स्पष्ट होती: 'सर्व प्रीपेड ऑर्डर्सवर.' यूपीआय वगळल्याचा उल्लेख कुठेही नव्हता. चॅटवर वाद घालत बसण्याऐवजी १ नोव्हेंबरला मी थेट कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. सोबत चार फाइल्स: ऑफर, अटी, बिल आणि तिन्ही चॅटचे स्क्रीनशॉट. ३ तारखेला तक्रार क्रमांक आला आणि ९ तारखेला १,००० रुपये जमा झाले.

पण गंमत पुढे आहे. त्या बॅलन्सची एक्सपायरी ३० नोव्हेंबर ठरलेली होती. त्यांनी १४ दिवस उशीर केला आणि ते दिवस माझ्या मुदतीतून गेले. मी त्याच ईमेलला उत्तर देऊन मुदत वाढवून मागितली, ती ३१ डिसेंबरपर्यंत मिळाली. म्हणून लक्षात ठेवा, उशिरा आलेल्या क्रेडिटची एक्सपायरी लगेच बघा आणि कमी दिवस उरले असतील तर मुदतवाढ मागा.

तक्रार निवारण अधिकारी म्हणजे कोण?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव, पद व संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. ॲपच्या 'मदत', 'संपर्क' किंवा 'वापराच्या अटी' या भागात अगदी तळाशी ही माहिती असते. या नियमांतल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या:

- तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते.
- तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती सोडवावी लागते.
- मार्केटप्लेस ॲपने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, ज्यावरून तिची स्थिती कळेल.

चॅटवरचा मुलगा किंवा मुलगी समोरच्या स्क्रीनवर जे दिसतं तेच सांगते. नियम त्यांनी बनवलेले नसतात आणि अनेकदा पैसे जमा करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नसतो. त्यांच्यावर आवाज चढवून काही होत नाही. त्यांच्याकडून फक्त दोन गोष्टी घ्या: तक्रार क्रमांक आणि लेखी उत्तर.

तक्रार कशी लिहायची?

छोटी, तारखांसह आणि राग बाजूला ठेवून. हा नमुना वापरा:

'विषय: ऑर्डर क्रमांक ____, कॅशबॅक ____ रुपये जमा न झाल्याबाबत.

मी ____ तारखेला वरील ऑर्डर दिली. ती ____ तारखेला मिळाली. सोबत जोडलेल्या अटींनुसार कॅशबॅक ____ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा होता. तो आजपर्यंत जमा झालेला नाही. मी कोणतीही वस्तू परत केलेली नाही. याबाबत ____ आणि ____ या तारखांना चॅटवर विचारणा केली, तक्रार क्रमांक ____.

कृपया रक्कम जमा करावी आणि वापराची मुदत जमा झाल्याच्या तारखेपासून मोजावी. ऑफर लागू नाही असं आपलं म्हणणं असेल, तर नेमक्या कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावं.'

शेवटचं वाक्य गाळू नका. 'तुम्ही पात्र नाही' असं मोघम सांगणं सोपं असतं, पण कोणती अट मोडली ते लिहून देताना आधी अट शोधावी लागते. कंपनी इंग्रजीत मागत असेल तर फोनमधल्या ट्रान्सलेट ॲपने इंग्रजी करा, तारखा आणि आकडे मात्र स्वतः तपासा.

तरीही दाद लागली नाही तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. केंद्र सरकारची मोफत सेवा, मराठीतही बोलता येतं. ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲप करता येतं आणि उमंग ॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. ती कोर्ट नाही, आदेश देऊ शकत नाही. पण सरकारी क्रमांकासह आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते.

जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की गुरुग्रामला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करता येतो. ५०० रुपयांसाठी इथवर जायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं, वेळ जातोच. पण रक्कम मोठी असेल तर हा रस्ता तुमच्यासाठी आहे.

बँकेचा कॅशबॅक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

या गडबडीत फसू नका

कॅशबॅक अडकला की माणूस उतावीळ होतो आणि चोरांना हेच हवं असतं. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. सोशल मीडियावर तक्रार लिहिली की पाच मिनिटांत 'कंपनीचा प्रतिनिधी' म्हणून कोणीतरी मेसेज करतो, त्यालाही उत्तर देऊ नका. संपर्क फक्त ॲपमधूनच करा.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'कॅशबॅक जमा करायला पिन टाका', 'हे स्क्रीन शेअरिंग ॲप टाका', 'ओटीपी सांगा' असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

*कॅशबॅक आला नाही म्हणून वस्तू परत करू का?*
वस्तू नको असेल तरच. रिटर्न केली की कॅशबॅकवरचा हक्क बहुतेक ऑफरमध्ये संपतो.

*स्क्रीनशॉट घेतलाच नाही, आता काय?*
ऑर्डरच्या तपशिलात 'लागू झालेल्या ऑफर्स' दिसतात का बघा. सेलच्या आधी आलेले ईमेल, एसएमएस आणि ॲपचे नोटिफिकेशन शोधा, ऑफर त्यात लिहिलेली असू शकते. सोबत घेतलेल्या मित्राकडे स्क्रीनशॉट आहे का, तेही विचारा.

पुढच्या सेलमध्ये दोन किमतींची तुलना करताना एक सवय लावून घ्या: कॅशबॅक आला नाही असं धरून आधी किंमत बघा. तरीही परवडत असेल तर घ्या, अटींचा स्क्रीनशॉट काढा आणि कॅलेंडरमध्ये तारीख टाका. एखाद्या मित्राचा कॅशबॅक आत्ता अडकला असेल, तर वरचा तक्रारीचा नमुना त्याला आजच पाठवा.